पुसलेलं सगळं

सूनबाईने संगणकाचा प्लग धरला, पण ओढायचा धीर होईना. पडद्यावर चक्र फिरत होतं आणि खाली ताकीद होती: अपडेट सुरू आहे, बंद करू नका.

"माझा डाव अडलाय गं," मागच्या खुर्चीतून सासरे म्हणाले. रोज सकाळी ते या यंत्राशी बुद्धिबळ खेळत आणि हरले की त्यालाच लबाड ठरवत.

"होतंय बाबा."

काल ती न वाचताच 'मान्य', 'मान्य' दाबत सुटली होती. ती दातांच्या कवळ्या बनवायची; तिथे केसाएवढी चूक चालत नसे, इथे मात्र सगळा आंधळा कारभार. आज शेजारीण म्हणाली, आपण काय काय शोधतो ते हे यंत्र गुपचूप टिपतच असतं. या अपडेटनंतर ते चक्क समोर मांडून ठेवतं. ते ऐकूनच ती प्लगकडे धावली होती.

बाबांना पित्ताचा त्रास आहे, असं तिने आणि नवऱ्याने संगनमताने सांगितलं होतं. खरं दुखणं त्या दोघांना आणि डॉक्टरांनाच ठाऊक. त्याबद्दल ती इथेच वाचायची आणि वाचून झालं की पुसून टाकायची.

डॉक्टरांनी जालीम गोळ्याही दिल्या होत्या, दुखायला लागलं की द्यायला. पण पाकिटावर इस्पितळाचं नाव होतं, आणि ते इस्पितळ एकाच आजाराचं. म्हणून पाकीट कपाटात कवळ्यांच्या साच्यांमागे दडवलेलं. बाबा तर कधी कण्हलेसुद्धा नव्हते. तेवढंच तिला समाधान होतं.

पडदा उजळला. 'तुम्ही अलीकडे पाहिलेलं', आणि खाली चौकोनांच्या रांगा. तिचं पुसलेलं सगळं जसंच्या तसं. ती चटकन पडदा झाकेल अशी उभी राहिली.

मग तिने कधीच न उघडलेला एक चौकोन दिसला. 'दुखणं घरच्यांपासून कसं लपवावं'. त्याखाली, 'असह्य कळांवर घरगुती उपाय'. त्याखाली, 'पाहिलेलं कसं पुसावं'. सगळे ती कामावर असते त्या वेळचे.

"काय गं, बिघडलं का?"

ती वळली. सासऱ्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. डाव अडला की ते असंच करतात, असं ती आजवर समजत आली होती.

"नाही, बिघडलं नाही."

"मग माझी पूड तरी दे. पित्त खवळलंय आज."

ती कपाटाकडे गेली. साचे बाजूला सारले. पाण्याच्या पेल्याशेजारी तिने पाकीट ठेवलं, इस्पितळाचं नाव वर करून.

सासऱ्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग तिच्या मागच्या उजळलेल्या पडद्याकडे. नाव वाचायला चष्मा काही त्यांनी शोधला नाही.

"एक की दोन?" त्यांनी विचारलं.