जास्तीचं नाव

मोठ्या उपवासात अख्खं बायबल सगळ्यांनी मिळून वाचून काढायचं, हा त्या गावच्या चर्चचा जुना शिरस्ता. रोज दुपारी प्रार्थना आटोपली की एकेकानं उठायचं, आपला अध्याय वाचायचा आणि खाली बसायचं. अध्याय वाटून देणार मुकद्दिस झखारी. जेरुसलेमची यात्रा करून आलेल्याला मुकद्दिस म्हणतात. झखारीनं ती एकदा केली आणि गावाला जन्मभर विसरू दिली नाही.

रसाळ अध्याय तो स्वतःला आणि सोयऱ्याधायऱ्यांना ठेवी. समुद्र दुभंगला आणि लोक कोरड्या पायांनी पार झाले, तो अध्याय यंदा त्यानं इतका गोड वाचला, की बायका पदरानं डोळे पुसत होत्या. हिलाना तेवढी त्याच्याकडे टक लावून बसली होती. तिच्या मुलाला, सिदराकला, पैसे घेऊन लिबियाच्या किनाऱ्यावर इटलीच्या होडीत चोरून बसवून देणारा हाच होता. सिदराकसाठी कुठला समुद्र दुभंगला नाही.

होडी बुडाली हे सगळ्या गावाला ठाऊक. पण मुकद्दिस क्रूसावर हात ठेवून सांगे, "पोरगा इटलीत सुखात आहे. मी स्वतः बोललोय त्याच्याशी." पोरगा मेला असं ठरलं तर पुढची पोरं कोण देणार होतं त्याच्या हाती?

हिलानाला दुसरं काही नको होतं. रविवारी वेदीसमोर मेलेल्यांची नावं घेतात, त्यात एकदा सिदराकचं नाव यावं. बस्स. ती अबूनांच्या, म्हणजे पाद्रीबाबांच्या, किती पाया पडली.

"जिवंत माणसाचं नाव मेलेल्यांत कसं घेऊ, बाई?" अबूना म्हणाले. "मुकद्दिस काय क्रूसावर हात ठेवून खोटं बोलेल?"

वेदीचा संगमरवर नवाकोरा चकाकत होता. कुणी बसवून दिला, ते विचारायला नको.

त्या गावात बाईला तिच्या नावानं कुणी हाक मारत नाही, थोरल्या मुलाच्या नावानं मारतात. वीस वर्षं ती 'उम्म सिदराक' होती, सिदराकची आई. होडी बुडाली आणि लोक तिला 'मावशी' म्हणायला लागले. ते नाव जिभेवर यायलाच नको! मेल्यांनो, माझं नाव काय विटाळलं होतं का, असं तिला भर बाजारात ओरडावंसं वाटे.

तिच्या वाट्याला आली बायबलातल्या इतिहासाच्या पुस्तकातली वंशावळ. नुसती नावंच नावं. ती कुणालाच नको असते.

"मावशी, जपून हं," मुकद्दिस हसत म्हणाला. "एकेक नाव म्हणजे खडा आहे. असतील नसतील ते दात पडायचे."

"पडू देत," ती म्हणाली. "चावायला तरी काय उरलंय?"

वाचायला तिला सिदराकनंच शिकवलं होतं, शेणानं सारवलेल्या ओट्यावर, खडूनं. ती बोट ठेवून वाचू लागली. मागं बायका मसुराच्या कढणात जिरं जास्त झालं की कमी, यावर कुजबुजत होत्या. अबूनांना डुलकी लागली होती.

"ओबेदाला येहू झाला. येहूला अजऱ्या झाला." बोट न हलवता ती म्हणाली, "हिलानाला सिदराक झाला."

कुणाचं लक्ष नव्हतं. कढणाची चर्चा चालूच राहिली. ती पुढं वाचत गेली. पोटचा पोर देवळात आला आणि गेला, आणि कुणी मान वर केली नाही.

फक्त एकानं केली. चोराच्या मनात चांदणं! मुकद्दिस ताडकन उठला.

"अबूना, थांबवा! बाईनं एक नाव पदरचं घातलं. पवित्र शास्त्रात भर घालणं म्हणजे महापाप."

अबूना दचकून जागे झाले. "कुठलं नाव?"

मुकद्दिसचं तोंड उघडलं आणि मिटलं. "नाही त्यात, एवढं खरं," तो म्हणाला.

"मग पुन्हा वाच, बाई," अबूना म्हणाले. "पहिल्यापासून. आहे तेवढंच."

आता मात्र सगळे कान देऊन बसले. कढण विसरलं. हिलानानं पुन्हा बोट ठेवलं.

"ओबेदाला येहू झाला. येहूला अजऱ्या झाला."

आणि ती थांबली.

बोट तिथंच. ती मान वर करून एकेका बाकाकडे बघू लागली. म्हणा ना कुणीतरी! तुमच्या अंगाखांद्यावर खेळलाय तो. एकेक मान खाली जात होती, मयताला जाते तशी. सगळ्यांना कळलं होतं तिथं कुठलं नाव आहे. कुणी ते घेतलं नाही. मुकद्दिस खाकरला.

"अजऱ्याला हेलेस झाला," तिनं वाचलं, आणि यादी शेवटापर्यंत नेली.

"आता बरोबर," अबूना म्हणाले. "आता एकही चूक नाही."

ती परत बाकाशी आली. शेजारच्या म्हाताऱ्या तिरेझानं सरकून जागा केली, तिचा हात धरला आणि तोंड कानाशी नेलं.

"बस, उम्म सिदराक," ती म्हणाली, मुकद्दिसला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.