खोकल्याचे बटण

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे. सभेत भाषण ठोकायला वापरतात तो नव्हे. तो माझा थोरला भाऊ, त्याचा रुबाब वेगळा. मी काचेच्या एका लहान खोलीतला. ही खोली एका मोठ्या सभागृहाच्या मागच्या भिंतीत, जरा उंचावर होती. खाली परदेशचे पाहुणे त्यांच्या भाषेत बोलत, वर बसलेले दुभाषी ते ऐकता ऐकता आपल्या भाषेत सांगत आणि मी ते खालच्यांच्या हेडफोनमध्ये पोचवी.

कारखान्यात एका बाईंनी माझ्या बारीक तारा जोडल्या आणि पायाशी एक लाल बटण बसवले. त्याला खोकल्याचे बटण म्हणत. दुभाष्याला खोकला आला, की ते दाबून धरायचे. तेवढा वेळ आवाज बाहेर जात नाही.

शब्द माझ्यातून जातात, मुक्कामाला राहत नाहीत. त्यामुळे अर्थाबद्दल मी काही सांगितले, तर जरा पारखूनच घ्या. पण कुतूहल मला फार. एकदा ‘नदीपलीकडचा देश कर्जात बुडाला’ हे वाक्य माझ्यातून गेले आणि मी विचारात पडलो. देश बुडतो म्हणजे नेमके काय होते? देशाचे दिवाळे निघाले तर त्याला कुलूप कोण लावते? आणि किल्ली कोणाकडे राहते?

थोडेफार उमगले ते ताईंमुळे. खोलीत ताई आणि काका असे दोन दुभाषी आळीपाळीने बोलत. काकांना घशाची गोळी चघळायची सवय. बोलायची पाळी आली की तोंडातली गोळी ते सरळ माझ्या पायावर काढून ठेवत. “काका, तो माईक आहे, बशी नव्हे,” असे ताई म्हणत. “असू दे गं, त्यालाही घसा आहेच की,” असे काका म्हणत. मला पुसायचे मात्र कोणाच्या मनात येत नसे.

ताईंची धाकटी बहीण नदीपलीकडे दिलेली. तिला रोज इन्सुलिनचे इंजेक्शन लागे. एकदा सभा सुरू होण्याआधी तिचा फोन आला. ताईंनी तो माझ्याजवळच ठेवला होता, म्हणून मला ऐकू आले.

“ताई, दुकानात औषधच नाही गं. माझ्याकडे पैसे आहेत, पण आमचे पैसे बाहेर कोणी घेत नाही म्हणे. आता घरात शेवटची बाटली आहे.”

“धीर धर. आज तुमच्याचसाठी बैठक आहे.”

“मग चांगलं बोल आमच्याबद्दल.”

“वेडे, मी बोलत नसते. दुसऱ्याचं बोलणं सांगते फक्त.”

तेव्हा मला कळले, की देश बुडतो तेव्हा आधी औषधाच्या दुकानातली फळी रिकामी होते.

बैठक सुरू झाली. आपले मंत्री म्हणाले, “यांनी कर्ज काढून विमानतळ बांधला. तिथे विमान उतरत नाही. त्याचे पैसे आपल्या लोकांनी का भरायचे?” मला ते पटले. डोंगराकडच्या देशाचे मंत्री आपलीच भाषा बोलत. ते म्हणाले, “आमचंच छप्पर गळतंय, शेजाऱ्याला पत्रे कुठून देऊ?” तेही पटले. मग नदीपलीकडच्या मंत्रीणबाईंनी विचारले, की आम्हीच बुडालो तर तुमचा माल विकत घेणार कोण? तेही पटलेच. माझे असेच आहे. जो शेवटी बोलतो त्याचे मला खरे वाटते.

मंत्रीणबाईंचे शेवटचे वाक्य काकांच्या पाळीत आले. त्यांच्या भाषेत हात पुढे करणे आणि हात पसरणे याला शब्द एकच. काका दमले होते. ते म्हणाले, “आम्ही आपल्यापुढे हात पसरत आहोत.”

आपले मंत्री खुर्चीत मागे रेलले. “हात पसरायचा आणि वर सवलतीही मागायच्या? राहू द्या.” त्यांनी कागद गोळा करायला घेतले.

ताईंनी मला आपल्याकडे ओढले, बटण घट्ट दाबले आणि त्या काकांवर कडाडल्या. “अहो काका, काय केलंत हे! पसरला नाही, पुढे केला म्हणाली ती! पुरात आपण छपरांवर बसलो होतो, तेव्हा यांच्याच होड्या आल्या होत्या ना? तेव्हा आपण काय भीक घेतली होती?”

पण मित्रांनो, बटण खाली गेलेच नाही. सारे शब्द खाली पोचले.

खालची सगळी डोकी काचेकडे वळली. काचेच्या खोलीत स्वतःचे मत ठेवायचे नसते, हा पहिला नियम. ताईंचा चेहरा उतरला. पण त्या बटण सोडून शांतपणे म्हणाल्या, “दुभाष्याकडून दुरुस्ती. अर्थ ‘हात पुढे केला आहे’ असा आहे. बाकीचं माझं होतं. माफ करा.”

आपले मंत्री कागद हातात धरून बसून राहिले. मग डोंगराकडचे मंत्री हळूच म्हणाले, “होड्या आमच्याकडेही आल्या होत्या.”

सगळे कर्ज काही कोणी फेडले नाही. विमानतळाचे भांडण तसेच राहिले. पण औषधे आणि इंधन आधी पाठवायचे, ते उधारीवर आणि बिनव्याजी, असे ठरले. त्यांनी हे बरोबर केले की चूक, ते मला अजून ठरवता येत नाही.

ताईंची चौकशी झाली. मिस्त्रींनी मला उघडले आणि हसू लागले. “गोळीच्या पाकाने चिकटलंय हो बटण! ताईंचा काय दोष?” ताईंची नोकरी वाचली. काका सगळ्यांना सांगत सुटले, “माझ्या गोळीनं काम केलं!” माझी मात्र तार काढून मला खिडकीत ठेवून दिले.

एक दिवस ताई बहिणीला खोली दाखवायला घेऊन आल्या. बहिणीचे गाल भरले होते. “हाच का तो चोंबडा?” असे म्हणत तिने ओल्या रुमालाने माझा पाय स्वच्छ पुसला. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदाच कोणी पुसले. मग बटणाला हात न लावता ती माझ्याजवळ वाकली.

“आम्ही परत करू. वेळ लागेल, पण करू. सांग तुझ्या लोकांना.”

माझी तार काढलेली होती. तिचे वाक्य कोणाच्याच कानात गेले नाही. म्हणून मित्रांनो, ते तुम्हाला सांगतो आहे.