अकरा चाव्यांची फटफटी

ग्रीसचा रिकामा डबा, उलटा घातलेला. त्याच्यावर कोणी बसत नाही.

प्रेमदासच्या सदऱ्याची बाही साडेपंचवीस इंच. पुलगावचा शिंपी म्हणाला होता, एवढ्या हाताले कापड जास्त लागते.

चुलीजवळ दोन पाट. एक भिंतीला टेकवून ठेवलेला.

एक माणूस आपल्याच अंगणात उताणा पडला आहे. त्याच्या पायावर फटफटी आहे. वर सात घारी आहेत. तो पुन्हा मोजतो. सातच.

एका कडीत अकरा चाव्या.

जाम गावच्या नाक्यावर चार रस्ते भेटतात आणि चारही दुसरीकडे जातात.

आता ओळीनं.

*

सत्तावन्न सालचा हिवाळा. कापसाच्या बैलबंड्या हिंगणघाटकडे निघाल्या होत्या आणि त्यांच्या चाकांनी नाक्याअलीकडचा रस्ता पार नासवून टाकला होता. त्या नासक्या रस्त्यावरून समुद्रपूरचे वासुदेवराव फटफटी ढकलत आले. ठेंगणे, साठीच्या आतले, धोतराचा सोगा सायकलच्या क्लिपेत अडकवलेला. घामानं टोपी कपाळाला चिकटली होती.

नाक्यावर दुरुस्तीचं दुकान एकच, प्रेमदासचं. चार पत्रे, एक बाभूळ, मागे झोपण्यापुरती खोली. पुलगावच्या डेपोत तो मिलिटरीच्या गाड्या शिकला होता. बायको कमला दोन वर्षांपूर्वी गेली, मूल नव्हतं, गावात भावाचं भरलेलं घर होतं. भरलेल्या घरात आपलं ताट कोणाला तरी लक्षात ठेवून वाढावं लागतं, हे एकदा कळल्यावर तो इकडे नाक्यावर येऊन राहिला.

"चालता चालता बंद पडते," वासुदेवराव म्हणाले. "मंग थोड्या वेळानं आपोआप चालू. भूत शिरलं का काय माईत नाई."

"चाबी द्या."

वासुदेवरावांनी दिव्याच्या डोक्यातून चावी काढली. चावीसोबत जुडगा निघाला, मुठीत न मावणारा. त्यांनी तो प्रेमदासच्या हातापासून वीतभर उंच धरला आणि तळवा पुढे येण्याची वाट पाहिली. वरून टाकायचं, खाली झेलायचं. आजवर तसंच चाललं होतं.

प्रेमदासनं हात पुढे केला नाही. मागल्या वर्षीच्या दसऱ्याला नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आल्यापासून त्यानं वरून टाकलेली वस्तू झेलणं सोडलं होतं. त्यासाठी भांडण केलं नव्हतं, भाषण केलं नव्हतं. फक्त बाभळीखाली ग्रीसचा एक डबा उलटा घालून ठेवला होता.

"तिथं ठेवा," तो म्हणाला.

वासुदेवरावांनी डब्याकडे पाहिलं, प्रेमदासकडे पाहिलं, आणि जुडगा डब्यावर ठेवला. प्रेमदासनं तो उचलला.

गाडी त्यानं नाक्यापासून खड्ड्यांपर्यंत आणि परत अशी फिरवली. भूत सापडलं. दिव्यावरच्या स्विचात जुडगा लटकत होता; खड्डा आला की झोका घ्यायचा, आणि झोक्यासरशी चावी अर्धी फिरून इंजिन मुकं. आतली पितळेची पट्टी घासून गुळगुळीत झाली होती.

"फटफटीची चाबी तेवढी वेगळी करा. झालं काम."

"बाकीच्या कोणापाशी ठेवू?"

"घरी."

"घराच्याच आहेत त्या. घरच्या चाब्या घरात ठेवून बाहेरून कुलूप कसं लावू, सांग."

"घरी कोणी नाई काय?"

वासुदेवराव कडीवरून एकेक चावी सरकवू लागले. ही कोठीची. ही आलमारीची. ही मोठ्या पोरीच्या पेटीची, ती यवतमाळले दिली. ही धाकटीच्या. ही बाईच्या फडताळाची, ते ती गेल्यापासून उघडलं नाई. ही कायची ते आठवत नाई.

प्रेमदास समोर उभा होता. कोणापाशी ठेवू, असं त्याच्याच तोंडासमोर विचारलं गेलं होतं, आणि त्यात टोमणा नव्हता. ज्यांच्यापाशी चाव्या ठेवता येतील, त्या माणसांच्या मोजणीत तो नव्हताच, एवढंच.

त्यानं पट्टी घासून वर उचलली. "चालन आता काही दिवस," तो म्हणाला.

*

काही दिवस म्हणजे पुढच्या आठवडी बाजारापर्यंत. मग पुन्हा. मग पुन्हा. दर वेळी तेच खड्डे, तेच नाक्याअलीकडचं अंतर. वासुदेवराव ढकलत यायचे, जुडगा डब्यावर ठेवायचे आणि फळ्यांच्या खोक्यावर बसायचे. प्रेमदास उकिडवा बसून पट्टी घासायचा. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासाचं व्हायचं. तुरीला शेंगा कशा आहेत, डेपोतल्या गोऱ्या साहेबाला बिबट्याची भीती कशी वाटायची, यवतमाळच्या पोरीचं पत्र का येत नाही. कधी दोघंही गप्प. ते गप्प बसणंसुद्धा प्रेमदासला एकट्याच्या गप्प बसण्यापेक्षा वेगळं लागायचं.

बाजाराच्या दिवशी तो सकाळीच अंग धुऊ लागला. खोका पुसून ठेवू लागला.

समोरच्या हॉटेलातल्या भैयाजीच्या नजरेतून हे सुटणं शक्य नव्हतं. भैयाजी प्रेमदासचा चहा दुकानाबाहेरच्या कट्ट्यावर आणून ठेवायचा आणि सोबत काहीतरी बोलून जायचा.

"काऊन रे प्रेमदास, आज नवरदेवावानी नटून राह्यला? कोणाची फटफटी बिघडणार हाये?"

"ज्याची बिघडन त्याची."

"तू पक्कं नको करजो बाप्पा. पक्कं केलं का गिऱ्हाईक गेलं. मी का चहा प्यालेल्याची तहान कायमची भागवतो?"

प्रेमदास हसला नाही, कारण ते खरं होतं. पक्कं करता येत होतं. पहिल्याच दिवशी त्याला ते कळलं होतं. तो पट्टी घासत राहिला होता.

*

पौषात एकदा खड्ड्यात गाडी मेली आणि मागून येणारा सरकीचा ट्रक वासुदेवरावांच्या कोपराला घासून गेला. त्या दिवशी ते कोपर धोतराच्या सोग्यानं पुसत खोक्यावर बसले.

"याचं काही कायमचं कर, प्रेमदास. मी असा रस्त्यात मेलो तं घर उघडाले कोणी नाई."

प्रेमदासनं पाना खाली ठेवला.

"स्विच तिथून हालवा लागन," तो म्हणाला. "दिव्यावरून काढून खोगिराच्या खाली, उजव्या मांडीमागं बसवतो. खाली कातड्याची पिशवी शिवून देतो. जुडगा पिशवीत बसन. झोका नाई, काई नाई. मंग बंद नाई पडत कधी."

"कधीच नाई?"

"कधीच नाई."

दोघांनीही काही वेळ खड्ड्यांच्या रस्त्याकडे पाहिलं.

"मंग कर," वासुदेवराव म्हणाले.

*

स्विच हलवण्याची रीत:

बॅटरीची तार आधी सोडायची. दिव्याची काच उतरवायची. स्विचाच्या दोन तारा ओळखायच्या. एक बॅटरीकडून येते, एक कॉइलकडे जाते. दोन्हींना नवा तुकडा जोडून कथलाचा डाग द्यायचा. जोडावर सायकलच्या ट्यूबची नळी चढवायची. तारा टाकीखालून न्यायच्या, इंजिनच्या तापापासून दूर. दिव्यातलं जुनं भोक पत्र्याच्या चकतीनं बुजवायचं. लोखंडी पट्टीला भोक पाडून स्विच तिच्यात कसायचा.

पट्टी कुठं बसवायची, ते मात्र बसणाऱ्याच्या हातावर. डेपोतली रीत अशी: माणसाला खोगिरावर बसवायचं, डोळे मिटायला लावायचे. मग त्याचं मनगट धरून हात हळूहळू मागे न्यायचा. खांदा अडला की तिथं खडूची खूण. माणसाला स्वतःच हात न्यायला सांगितलं तर तो वाकतो, ताणतो. आपला हात आहे त्यापेक्षा लांबच दाखवतो. म्हणून मनगट दुसऱ्यानंच धरायचं.

वासुदेवराव खोगिरावर बसले. समोर भैयाजीच्या हॉटेलात बाकं भरलेली. प्रेमदास खडू घेऊन जवळ गेला. धोतर, कोपरावरचं ताजं खरचटणं, मांडीवर ठेवलेला हात. तो हात दीड महिन्यात एकदाही त्याच्या हाताला लागला नव्हता. मधे डबा होता, आणि डबा त्यानं स्वतःच ठेवला होता.

"उतरा," प्रेमदास म्हणाला. "माप माह्यापाशी हाये."

आणि तो स्वतः खोगिरावर बसला, डोळे मिटले, हात मागे नेला आणि बोट टेकलं तिथं स्वतःच खूण केली.

संध्याकाळी वासुदेवराव गेले. खड्डे आले, फटफटी त्यांच्यावरून गेली, आवाज तुटला नाही. दूरपर्यंत तुटला नाही. प्रेमदासला पहिल्यांदाच आपलं काम चांगलं झाल्याचं वाईट वाटलं.

*

एक बाजार गेला. दुसरा गेला. त्यानं खोका पुसून ठेवला होता. त्यावर एक कोंबडी बसून गेली.

तिसऱ्या बाजाराला बंडी आली. बंडीत गवत, गवतावर आडवी फटफटी, बाजूला पाय लांब करून वासुदेवराव. बंडीवाल्यानं आणि प्रेमदासनं मिळून फटफटी उतरवली. वासुदेवराव काठी टेकत खोक्यापर्यंत आले.

"बंद पडली?" प्रेमदासनं विचारलं.

"नाई. तेच सांगाले आलो. बंदच पडत नाई."

त्यांनी सांगितलं ते असं. त्या संध्याकाळी अंधार पडायच्या आत ते घरी पोचले. अंगणात थांबून चावी बंद करायला हात मागे नेला. बोटं पिशवीला लागत होती, चावीला लागत नव्हती. चार बोटं कमी. वाकले. आणखी वाकले. गाडी कलली आणि त्यांना घेऊन खाली आली. इंजिन फटफटत राहिलं, मग गुदमरून थांबलं. पाय खाली अडकलेला. हाका मारल्या, शेजारी सगळे कापूस वेचणीला गेलेले, अजून परतले नव्हते.

"घारी मोजल्या मी," वासुदेवराव म्हणाले. "सात होत्या. जुडगा इथं, डोळ्यापुढं, पिशवीतून बाहेर पडलेला. अकराच्या अकरा. अन् त्यातली एकही कामाची नाई. दिवेलागणीले दूधवाला आला तवा सुटलो."

प्रेमदासनं खोगिराखालच्या पट्टीला बोट लावलं.

"तुह्या हाताचं माप घेतलं तू," ते म्हणाले. "माहा हात आखूड हाये."

"तुमचा हात धरावा लागला असता."

"मंग धराचा होता."

"तुमी काय म्हटलं असतं?"

वासुदेवरावांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. खोटं बोलायची सोय होती. ते खोटं बोलले नाहीत.

"माईत नाई," ते म्हणाले. "त्या दिवशीचं माईत नाई. आज धर."

काठी बाभळीला टेकवून ते खोगिरावर चढले. लंगडा पाय जमिनीवर नीट टेकेना, म्हणून प्रेमदासनं गाडीला टेकू दिला. त्यांनी डोळे मिटले. भैयाजीच्या बाकांवरचं बोलणं थांबलं होतं.

प्रेमदासनं मनगट धरलं. ते त्याला वाटलं होतं त्यापेक्षा बारीक होतं, थंड होतं आणि त्यात जोर नव्हता. माणूस झोपेत असावा तसा हात वासुदेवरावांनी त्याच्या हवाली केला होता. त्यानं तो मांडीवरून मागे नेला, हळूहळू. खांदा अडला. खूण केली. जुन्या जागेपासून बरोबर चार बोटं पुढे. खूण झाल्यावर हात सोडायचा असतो. प्रेमदासनं तो आणखी थोडा वेळ धरला. वासुदेवरावांनी डोळे उघडले नाहीत.

मनात येऊन गेलं की खूण एक बोट मागे केली तरी चालेल. पडणार नाहीत, पण बोटं अडखळतील. दोन-चार बाजारांनी पुन्हा येतील. त्यानं खडूची खूण होती तिथंच भोक पाडलं.

काम झाल्यावर त्यानं जुडगा पिशवीतून काढून डब्यावर ठेवला. वासुदेवरावांनी तो उचलला, एकदा चालू-बंद करून पाहिलं, आणि मग चावीसकट तो जुडगा परत प्रेमदासच्या हातात दिला. वरून नाही. तळव्यावर तळवा ठेवून द्यावा तसा.

"एक डाव तू फिरवून पाह्यजो," ते म्हणाले.

प्रेमदास नाक्यापासून खड्ड्यांपर्यंत गेला आणि आला. सगळं ठीक होतं.

"येतो," वासुदेवराव म्हणाले.

"येजा," प्रेमदास म्हणाला.

*

ते आले नाहीत. म्हणजे नाक्यावरून जात होते. प्रत्येक बाजाराला फटफटीचा आवाज समुद्रपूरकडून यायचा, खड्ड्यांत खाली-वर व्हायचा, दुकानासमोरून निघून जायचा. हॉर्न एकदा वाजायचा. प्रेमदास हातातला पाना वर करायचा.

"तुहा दोस्त थांबत नाई आता," भैयाजी म्हणाला. त्यानं चहा आणून दिला होता, यावेळी कट्ट्यावर न ठेवता हातात.

"गाडी चांगली हाये तं थांबन कायले?"

"बसाले."

प्रेमदासनं चहा पिऊन टाकला. नुसतं बसायला ये, असं माणसाला कसं म्हणायचं असतं, ते त्याला येत नव्हतं. डेपोत ते कोणी शिकवलं नव्हतं.

माघाच्या शेवटी एकदा दुकानासमोर आवाज मंदावला. त्यानं मान वर केली. वासुदेवरावांचा उजवा हात मुठीवरून सुटून मांडीमागे गेला, न वाकता, न अडखळता, जिथं जायला हवा तिथं. चावीवर बोटं टेकली असणार. इंजिन चालूच होतं. मग हात पुन्हा मुठीवर आला, हॉर्न वाजला, आणि फटफटी हिंगणघाटच्या रस्त्याला लागली.

प्रेमदासनं ग्रीसचा डबा सुलटा केला आणि त्यात ग्रीस भरायला घेतलं.

गाडी पहिल्यांदा बंद पडली त्या दिवशी वासुदेवरावांच्या घराला कुलूप लावलेलं नव्हतं. चाव्या घरी ठेवता आल्या असत्या; मग नाक्यावर पुन्हा थांबायला कारण उरलं नसतं.