खिडकीतली रेंज

"हात काढू नका सिस्टर! काय वाटेल ते होऊ द्या, हात काढू नका," डॉक्टर बुद्धभूषण ओरडले आणि स्टुलावर चढले.

मी कशाला काढतेय हात! रुद्रच्या मांडीत माझी अख्खी मूठ रुतली होती. बावीस वर्षांचा धट्टाकट्टा गडी. सकाळी बांधावरून चुलतभावाशी जुंपली आणि त्यानं कुऱ्हाड घातली, जांघेच्या खाली चार बोटं. बैलगाडीतून आणेपर्यंत तास गेला. मूठ जरा ढिली झाली की रक्त उडून माझ्या चष्म्यावर येत होतं. जखम इतकी वर, की पट्टी आवळायला जागाच नव्हती.

आमचा सरकारी दवाखाना सेनगावाहून पंधरा किलोमीटर आत. साल दोन हजार चार. दवाखान्याचा फोन महिनाभर मेलेला. डॉक्टरांकडे मोबाइल होता, पण त्याला रेंज यायची ती फक्त ड्रेसिंगच्या खोलीच्या खिडकीत, तीही स्टुलावर चढून डोकं गजांना टेकवलं तर. रोज संध्याकाळी डॉक्टर तिथं चढून होणाऱ्या बायकोशी बोलायचे. पाण्याला जाणाऱ्या बाया खालून खिदळायच्या, "चढला बाई राघू!" मीही चिडवायची. पण त्याच खिडकीतून नांदेडच्या सर्जनना विचारून विचारून त्यांनी किती अडलेल्या बायका सोडवल्या, किती साप चावलेले उठवले, ते गावाला कुणी सांगितलं? मी सरिता, एवढी तोंडाळ बाई, मीसुद्धा नाही. त्याची चुटपुट अजून जात नाही.

"हो सर, धमनीच तुटलीय. हो सर, टोक आत गेलंय, दिसत नाही..." डॉक्टर फोनवर सांगत होते आणि दार लाथेनं उघडलं.

रुद्रचे वडील, संतराम. हातात काठी, मागे दोन गडी. बाहेर नर्मदाबाईचा, म्हणजे रुद्रच्या आईचा, हंबरडा चालला होता. संतरामनी आधी लेकाकडे पाहिलं, मग स्टुलावरच्या डॉक्टरांकडे.

"पोरगं मरून राहिलं अन् हा बायकोसंगं बोलून राहिला!"

"भाऊ, न्हाई हो, ते मोठ्या डॉक्टरला—" माझं वाक्य तोंडातच राहिलं. पहिली काठी डॉक्टरांच्या पोटरीवर बसली. ते स्टुलासकट खाली आले, तरी फोन त्यांनी वर धरला होता. दुसरी काठी त्याच हातावर पडली. हाड मोडल्याचा आवाज मी टेबलापाशी ऐकला. फोन फरशीवर पडला आणि एका गड्यानं टाचेखाली चिरडला. मग लाथा सुरू झाल्या. बरगडीत, तोंडावर, पाठीत. डॉक्टर पोटाशी गुडघे घेऊन पडले होते आणि "ऐका, ऐका" एवढंच म्हणत होते. त्यांच्या ओठातून दाताचा तुकडा बाहेर पडला.

मला जागचं हलता येईना. हात सोडला तर पोरगा जातो, नाही सोडला तर डॉक्टर. मी शिव्या दिल्या, रडले, देवाधर्माच्या शपथा घातल्या. कुणी ढुंकून पाहीना. शेवटी माझं डोकंच फिरलं.

"मारा! खूप मारा! मी बी हात काढते आता. मंग बसा बोंबलत!"

आणि खरंच मी मूठ सैल केली. रक्ताची चिळकांडी संतरामच्या धोतरावर गेली. मी लगेच पुन्हा दाबलं, पण लाथा एकदम थांबल्या. काठी त्यांच्या हातातून गळाली.

"पोराचा जीव त्या फोनात व्हता," मी म्हटलं. "नांदेडचे डॉक्टर सांगून राहिले व्हते काय करायचं ते. तुमी फोडला."

संतरामचा चेहरा उतरला. त्यांच्या खिशात स्वतःचा नवाकोरा मोबाइल होता, गावात मिरवायला घेतलेला. तो त्यांनी माझ्यापुढे धरला.

"नंबर मला पाठ नाही," डॉक्टर खालून म्हणाले. "सिममध्ये आहे."

मग तो मार खाल्लेला माणूस डाव्या हातानं फरशीवर चाचपडत राहिला. रक्तात, काचेत, फुटलेल्या बटणांत. सिम सापडलं, ते त्यांनी शर्टाला पुसलं. संतरामच्या जाड बोटांना ते फोनात बसवता येईना. तीनदा उलटं घातलं. डॉक्टर मात्र एका शब्दानं रागावले नाहीत. मी असते तर कानाखाली काढली असती.

रेंज खिडकीत आणि जखम टेबलावर. डॉक्टर धडपडत माझ्याजवळ येऊन उभे राहिले, उजवा हात लोंबत होता. दोघं गडी कधीच सटकले होते, फोन धरायला माणूस उरला एकच. संतराम स्टुलावर चढले, डोकं गजांना टेकवलं.

"हॅलो. मी पेशंटचा बाप बोलतो." मग जरा थांबून, "न्हाई साहेब. डॉक्टरला येता येत न्हाई. हात मोडला त्यांचा." पुन्हा थांबले. "म्या मोडला."

पलीकडून काय आलं कोण जाणे. संतराम नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते. मग पोपटासारखं एकेक वाक्य जसंच्या तसं आमच्यापर्यंत येऊ लागलं. "जांगेत मुठीनं दाबा म्हणून राहिले. जखम वरच्या अंगाला दोन बोटं उघडा. घाई करू नका. आंधळा चिमटा लावू नका, टोक दिसू द्या."

डॉक्टरांनी डाव्या हातानं जखम उघडून धरली. एका मुठीनं जांघ दाबून धरत चिमटा मी लावला. जन्मात पहिल्यांदा. रक्त थांबलं.

दवाखान्याच्या जीपमध्ये मी चिमट्यावर हात ठेवून बसले, डॉक्टर पुढे. नांदेडला दोघांना दोन दिशांना नेलं. सर्जन दोन तासांनी बाहेर आले. जीव वाचला होता. पाय मांडीतून काढावा लागला. "अर्धा तास आधी पोचले असते तर वाचवून बघितला असता," ते म्हणाले आणि निघून गेले.

संतराम माझ्याकडे वळले. "सिस्टर, आपुन तर सुसाट आलो. अर्धा तास कुठं गेला?"

वाटलं, नको बोलायला. बापच तो. पण फरशीवर चाचपडणारे डॉक्टर डोळ्यांपुढून हलेनात.

"तुमी मारून राहिले व्हते ना," मी म्हटलं. "तितं गेला."

तेवढ्यात संतरामच्या खिशातला फोन वाजला. डॉक्टरांचं सिम मघाशीच काढून मी संतरामचं परत घातलं होतं. गावातल्या एसटीडीवरून नर्मदाबाई. संतरामनी फोन माझ्यापुढे केला. "तुमी सांगा."

मी हात मागे घेतले. "तुमीच सांगा."

त्यांनी फोन कानाला लावला.

"वाचला. रडू नको, वाचला." बराच वेळ ऐकलं. "पाय काढला पर त्याचा." पलीकडची किंचाळी मलाही ऐकू आली. मग तिनं काहीतरी विचारलं. संतराम भिंतीला टेकून हळूहळू खाली बसले.

"न्हाई, त्याच्या कुऱ्हाडीनं न्हाई गेला," ते म्हणाले. "माह्यानं गेला."