सोनेरी रंगातली प्रेस

मी एक जुनी एचिंग प्रेस आहे. कपड्यांना इस्त्री करणारी प्रेस नव्हे! हे आधीच सांगितलेलं बरं, कारण आमच्या उज्जैनमध्ये एक गृहस्थ चुरगळलेली पँट घेऊन माझ्यापाशी आले होते. मी चित्रं छापते. खाली लोखंडी पाट, वर जड रूळ, आणि बाजूला तो फिरवायचं मोठं चाक.

मित्रांनो, मला इथल्या फ्रीगंज भागातल्या एका कलाशाळेत आणून टाकलं. टाकलंच म्हणायचं, कारण मला चालवतात कशी हे तिथल्या एकाही सरांना ठाऊक नव्हतं. ते माझ्यावर डबे उघडून जेवायचे. मग अनसूयाताई शिकवायला आल्या.

ताईंचे वडील बँकेच्या नोकरीपायी महाराष्ट्रातून इकडे आले आणि इथलेच झाले. ताई मुळात चित्रकार. राम घाटावर बसून जलरंगात चित्रं काढायच्या. पण वेड लागलं ते छपाईचं. जस्ताच्या पत्र्यावर सुईनं रेघा काढायच्या, त्या तेजाबात खोल करायच्या, त्यांत शाई भरायची, वरवरची शाई पुसून काढायची आणि वर ओला कागद ठेवून पत्रा माझ्या रुळाखालून काढायचा. पहिल्याच दिवशी त्यांनी माझ्यावरचे लोणच्याचे डाग खरवडले, तेल दिलं, चाक फिरवलं आणि म्हणाल्या, "चांगली आहेस की गं!" कौतुक मलाही आवडतं, पण ते जाणत्या माणसानं केलेलं.

बाकी गावाचं काय सांगू! ताईंना बक्षिसं मिळाली, दिल्लीत प्रदर्शन झालं. त्यावर त्यांची मावसबहीण अलका म्हणते, "एवढी मेहनत कशाला करतेस? टावर चौकात फोटोकॉपी होते ना!" एम. ए. झालेली बाई, बरं का. विद्यार्थी तर त्याहून थोर. हाताला शाई लागते म्हणून नाकं मुरडायचे. त्यांतला सगळ्यात आळशी केदार. ताईंनी त्याचा हात धरून पत्रा पुसायला शिकवलं, तरी ढिम्म. अर्थात पुढे तोच प्राचार्य झाला. ताई निवृत्त झाल्यावर त्यानं छपाईचा वर्गच बंद केला आणि माझ्यावर मोडका कूलर ठेवला.

परवा त्याला ताईंचा सत्कार करायची हुक्की आली. ताई त्याला घेऊन माझ्या खोलीत आल्या. म्हणाल्या, "केदार, सत्कार राहू दे. मला एकदा ही प्रेस वापरू दे. पत्रा तयार आहे. एक डोळा गेलाय, दुसराही चाललाय. दिसतंय तोवर हे चित्र मला कागदावर बघायचंय."

"बिलकुल मॅडम! प्रेस एकदम चकाचक करवून ठेवतो."

चकाचक! सत्काराच्या आदल्या संध्याकाळी रंगारी आला आणि त्यानं मला सोनेरी ऑइल पेंट फासला. चाकाला फासला, पाटाला फासला, अहो, रुळालासुद्धा! ज्या रुळावर ताई बोटाचा ठसा राहू देत नसत, त्याला! वर झेंडूचे हार घातले, शेजारी 'सेल्फी पॉइंट' अशी पाटी लावली आणि मला मंचासमोर ढकलत नेलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांनी ताईंच्या खांद्यावर शाल घातली. ताई पत्रा, शाई आणि कागद घेऊन थेट माझ्याकडे आल्या. रुळावर बोट टेकलं, ते सोनेरी झालं. रंग अजून ओलाच होता.

"केदार, रुळाला रंग लावलास?"

"सरप्राइज़, मॅडम! कैसा लग रहा है?"

"गाढवा," ताई म्हणाल्या. माइक सुरूच होता. "टर्पेंटाइन आण."

बाटली आली. ताईंनी अंगावरची शाल काढली, तिचं टोक टर्पेंटाइनमध्ये बुडवलं आणि रूळ पुसायला घेतला.

"मॅडम, ती सत्काराची शाल..."

"तेवढीच एक कामाची वस्तू दिलीत. उभा काय राहिलास? ते टोक धर आणि तिकडून पूस."

रूळ, पाट, चाक पुसता पुसता प्राचार्य कोपरापर्यंत सोनेरी झाले. पाहुणे कंटाळून पोह्यांकडे वळले. छान झालं, गर्दी हटली. मग ताईंनी शाई भरली, पत्रा पुसला, ओला कागद ठेवला. केदारनं चाकाला हात घालताच त्या म्हणाल्या, "सोड, मी फिरवते." दोन्ही हातांनी त्यांनी चाक ओढलं. मी आधी कण्हले, मग फिरले. त्या दोन हातांसाठी मी गंजातूनसुद्धा फिरले असते.

कागद उचलला. घाटावर ओलं लुगडं दोन्ही हातांनी वाऱ्यावर धरून उभी असलेली एक बाई. ताईंनी तो कागद अगदी नाकाशी नेला आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत हळूहळू बघायला लागल्या.

"मॅडम, ज़रा इधर देखिए," फोटोवाला म्हणाला.

ताईंनी मान वर केली नाही. "थांब रे. मी अजून बघतेय."

मित्रांनो, तुमच्या गावातही कुणी जुनं माणूस असेल, जुनं यंत्र असेल. त्यांचा मान करायची हौस आली, तर आधी त्यांना विचारा, काय हवंय म्हणून. मला कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं: दोन थेंब तेल द्या आणि ताईंना लवकर बोलवा.