गुडघ्याची साक्ष

मी हातोडी बोलतेय. भिंतीत खिळे ठोकणारी दांडगी नव्हे. माझं डोकं रबराचं, दांडा बारीक, आणि काम एकच: माणसाच्या गुडघ्याखाली टपकन मारून पाय उडतो की नाही ते बघायचं. शाळेची पायरी मी चढले नाही. डॉक्टरकीच्या कॉलेजच्या मात्र सगळ्या चढले, खिशात बसून.

कारखान्यात एका साच्यातून आमची फौज निघाली. दुकानात काचेमागे लटकत होते तेव्हा एक बाप-लेक आली. लेकीला नुकताच कॉलेजात प्रवेश मिळालेला. बाप म्हणाला, "एवढीशी? मला वाटलं जरा मोठी असेल."

"बाबा, गुडघा फोडायचा नाहीये."

नव्याचे नऊ दिवस. हाताशी येईल त्याला पोरीने सोडलं नाही. भांडी विसळणाऱ्या आईला स्टुलावर बसवलं. शेजारीण किल्ली मागायला आली, ती गुडघा दाखवून किल्ली विसरून गेली.

घरात आजोबा होते, बापाचे वडील. जन्म छापखान्यात अक्षरं जुळवण्यात गेलेला. बोटं अशी चालायची की बघणाऱ्याचे डोळे मागे पडायचे, असं घरात सांगत. आता ते सदऱ्याच्या एका गुंडीशी झटत बसायचे. चेहरा लाकडासारखा; हसू नाही, राग नाही. आवाज खोल गेलेला. सुनेला वाटायचं, रुसलेत. एकदा दूध करपून घरभर वास झाला आणि हे शेगडीजवळच बसलेले.

"नाकाला बूच बसलं होतं का, मामंजी? मुद्दाम गप्प बसलात."

"वास नाही आला गं."

कोणाला पटतंय?

शेवटी बाप लेकीला म्हणाला, "डॉक्टरीणबाई, आजोबांना एकदा बघ बरं."

तिने त्यांना पलंगाच्या कडेला बसवलं. टप. पाय उडाला. दुसऱ्या गुडघ्यावर टप. तोही उडाला. "नसा ठणठणीत आहेत," तिने निकाल दिला.

"पण बाळ, हाताला..."

"वय झालंय, आजोबा. जरा हालचाल करत जा."

पोर तेव्हा गुडघ्याएवढंच शिकली होती. पण पांढऱ्या कोटाचा शब्द म्हणजे घरात काळ्या दगडावरची रेघ. तेव्हापासून आजोबांना उठायला वेळ लागला की नाटक, चमचा थरथरला की नाटक. "नातीने तपासलंय ना? मग पुरे आता." आणि साक्ष कोणाची, तर माझी. मी खोटं बोलले असते तर इतकं टोचलं नसतं. गुडघा खरंच उडत होता. उत्तर गुडघ्यापुरतं होतं, ते अख्ख्या माणसाला लावलं गेलं, आणि मला तोंड नव्हतं.

पुढे पोरीची वॉर्डातली शिकवणी सुरू झाली. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "हातोड्या खिशात. तो माणूस दारातून येतोय, नुसतं बघा."

एक रंगारी आत आला. एक हात झुलत होता, दुसरा अंगाला चिकटलेला. पावलं घासत. बसून हात मांडीवर टेकला, तर अंगठा आणि बोट गोळी वळल्यासारखी हलू लागली. पेला उचलला तेव्हा थरथर कमी झाली. मॅडमनी चिमटी भराभर उघडझाप करायला लावली. पहिल्यांदा मोठी उघडली, मग लहान, मग अडलीच. मनगट वळवलं, तेही अडत अडत वळलं.

"वास येतो का?"

"कुठला येतोय. बायको म्हणते, सोंग करतोस."

"पार्किन्सन्स," मॅडम पोरांना म्हणाल्या. "आता काढा हातोडी."

टप. पाय छान उडाला.

"उडणारच. या आजारात बहुधा उडतो. म्हणून माणूस बरा आहे, असं कोण म्हणेल?"

पोरीने मला पुन्हा खिशात टाकलं, आणि तिची मूठ माझ्याभोवती आवळत गेली. माझा दांडा घामाने ओला झाला.

घरी येऊन ती आजोबांसमोर बसली. त्यांना चिमटी उघडझाप करायला लावली. ती अडली. "आजोबा, तुम्ही नाटक करत नव्हता."

चेहरा लाकडाचाच. "मला माहीत होतं की," आजोबा म्हणाले. सून दारात ओले हात घेऊन उभी होती, पुसायचे विसरून.

मग पोरीने आजोबांना मॅडमकडे नेलं. मॅडमनी आधी विचारलं, चक्कर-उलटीची, मनाच्या आजाराची गोळी चालू आहे का. तसल्या काही गोळ्यांनीही माणूस असा आखडतो. नव्हती. मग औषध लागलं: ठरल्या वेळेला घ्यायचं, आपल्या मनाने बंद करायचं नाही. चालण्याचा व्यायाम सुरू झाला. पायात अडकणारी पायपुसणी सुनेने स्वतः उचलली. आजार गेला नाही, तो जात नाही. पण गुंड्या लागू लागल्या.

एक मात्र राहिलं. जेवायला हाक मारली की आजोबा खुर्चीचे हात धरतात आणि उठण्याआधीच म्हणतात, "येतोय हं, मुद्दाम करत नाहीये."

"सावकाश या, मामंजी. कोणी काही म्हणत नाहीये."

ते मान हलवतात. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याला गोळी नाही.

आता माझं रबर कडेला चिरलंय. पोर डॉक्टर झाली, मला हातात धरून नव्या मुलांना शिकवते. मुलांनो, मला खुशाल विकत घ्या, पण शेवटी बाहेर काढा. आधी माणूस चालताना बघा, तो काय सांगतोय ते पुरतं ऐका. आणि माझं उत्तर चांगलं आलं म्हणून घरच्यांना "काही नाही" असं सांगून मोकळे होऊ नका. तुम्ही निघून जाता. ते "काही नाही" घरात फार दिवस राहतं.