ऐकायची खोली

आमच्या मास्तरांनी तामसीत घर बांधलं तेव्हा मागच्या अंगाला आठ बाय दहाची एक खोली निघाली. मला वाटलं, ज्वारीची पोती तिथं जातील आणि स्वयंपाकघरात मला पाय पसरायला जागा होईल. मास्तर म्हणाले, ही ऐकायची खोली. ऐकायला खोली कशाला, कान असले म्हणजे झालं, असं मी म्हटलं. तर त्यांनी आवाज भिंतीवर आपटून परत कसा येतो ते मला चौथीतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. मग माझ्या मायनं शिवलेल्या दोन वाकळी खिळे ठोकून भिंतीवर टांगल्या, म्हणजे आवाज आपटणार नाही. ती थंडी आम्ही चादरींवर काढली.

मास्तर म्हणजे माझे मालक, चंपतराव. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाहीत. नाद एकच, कॅसेटी ऐकायचा. आणि सगळ्या कॅसेटींत एक अशी की ती कपाटात, कुलपात, दस्तऐवजांच्या पिशवीत. कुणी चुकूनही तिच्यावर दुसरं काही भरू नये म्हणून तिचे वरचे दोन्ही दात त्यांनी स्वतः मोडून ठेवले होते.

ती माझी कॅसेट.

चौऱ्याऐंशी सालची. माझ्या माहेरी, बोथजवळच्या आमच्या खेड्यात, बाबासाहेबांची जयंती. मी एकोणीस वर्षांची. वडील नागोराव पेटीवर, चुलते ढोलकीवर, मी माईकपुढं. गाणं वडिलांनीच रचलेलं. तिन्हीसांजा होत आल्या होत्या आणि तिसऱ्या कडव्याला लाइट गेली. माईक मेला. पोरांनी कल्ला केला, वडिलांची पेटी थांबली. मी थांबले नाही. का, ते मला आजही सांगता येत नाही. कुणीतरी आपल्या हातातलं काढून घेतंय असं वाटलं आणि मी आवाज वर उचलला. चुलत्यांची ढोलकी तेवढी हळू मागं येत राहिली. हळूहळू मंडप गप्प झाला. शेवटच्या कडव्याला तर माझा मलाच श्वास ऐकू येत होता. भावानं सेलवरचा टेप माझ्या पायाशी ठेवला होता, त्यात ते सगळं उतरलं.

त्या मंडपात मास्तर उभे होते. महिनाभरात मागणी आली. लग्नानंतर त्यांनीच मला सांगितलं, "लाइट गेली अन् तू गातच राह्यली ना, तवाच म्या ठरवलं."

लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीला मंडळाची माणसं मला न्यायला आली. मास्तरांनी दारातच सांगितलं, हिची तब्येत बरी नाही. मी आत भाकरी थापत होते, चांगली धडधाकट. मग आत येऊन मला म्हणाले, मास्तरची बायको स्टेजवर गळा काढते म्हटल्यावर उद्या वर्गात पोरं हसतील. दुसऱ्या वर्षीही माझी तब्येत बरी नव्हती. तिसऱ्याही. चौथ्या वर्षापासून कुणी विचारायलाच आलं नाही. एवढी जुनी आजारी बाई, कोण विचारणार?

चौऱ्याण्णवला पगाराचे एरियर्स मिळाले. त्यातून मिक्सर आला, डेक आला. उरलं त्यात बॉक्स बसवायचे होते. स्पीकरच्या पेट्यांना आमच्याकडे सगळे बॉक्सच म्हणतात. मास्तर मला म्हणाले, "तूही चाल आदिलाबादले. तुहे कान चांगले हायेत."

खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. ठेवणीतली साडी काढली. बसमध्ये त्यांच्या शर्टाच्या खिशात ती कॅसेट होती आणि माझ्या मनात एकच गोष्ट. आज दुकानात माझं गाणं लागणार. कुणीतरी विचारणारच, कोण गातंय म्हणून. आणि हे सांगतील. दहा वर्षांत त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण इथं ना शाळा, ना वर्ग, ना हसणारी पोरं. परक्या गावातल्या परक्या माणसाला सांगायला काय जातं? एवढंच पाहिजे होतं मला. स्टेज नको होतं.

दुकानदार तेलुगू माणूस, हिंदीत बोलणारा, साठीचा, दुकानातल्या आवाजात राहून राहून हळू बोलायची सवय लागलेला. त्यानं आधी खोली विचारली. आठ बाय दहा ऐकल्यावर म्हणाला, मग लहान बॉक्स घ्या, भिंतीपासून हातभर पुढं ठेवा. मोठे घेतले तर एवढ्याशा खोलीत ढोल तेवढा घुमेल, गळा बुडेल. मास्तरांची नजर मात्र खाली ठेवलेल्या मोठ्या बॉक्सवर होती. कमरेइतके उंच, लाल रेक्झिन लावलेले, इथंच कुणीतरी प्लायवूड ठोकून बनवलेले. भाव दोन्हींचा जवळजवळ सारखा. दुकानदार म्हणाला, तोंडपाठ असलेली कॅसेट आणली असेल तर लावा, कान सांगतील.

मास्तरांनी कॅसेट दिली.

त्या कॅसेटच्या सुरुवातीला माझ्या भावाचा आवाज आहे. तो म्हणतो, आता गीत सादर करीत आहे कुमारी पंचफुला नागोराव. घरी मास्तर नेहमी तिथूनच लावतात. दुकानदारानं बटण दाबलं आणि मी भावाच्या आवाजाची वाट पाहत उभी राहिले. तो आलाच नाही. एकदम पेटी लागली. तेव्हा मला आठवलं, सकाळी मास्तर ओट्यावर बसून कॅसेटमध्ये पेन्सिल घालून फिरवत होते. मला वाटलं होतं, फीत सैल झाली असेल; ते ती माझ्या नावापुढं नेऊन ठेवत होते.

लहान बॉक्समधून मी गायले. काय सांगू. दहा वर्षांत मी मला असं ऐकलं नव्हतं. तिसऱ्या कडव्याला खट् झालं, माईक मेला, पोरांचा कल्ला, पेटी बंद, आणि त्या कल्ल्यातून ती मुलगी वर येताना स्पष्ट ऐकू आली. ती श्वास घेते तिथं मीही घेतला, नकळत. दुकानदाराच्या ते ध्यानात आलं. त्याचं कामच कानाचं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांना विचारलं, "बहुत अच्छा गला है साब. कौन है ये?"

मास्तर बॉक्सच्या जाळीवरून बोट फिरवत होते. वर न पाहता म्हणाले, "है एक बाई. हमारे तरफ की."

खोटं बोलले असं नाही म्हणता येणार.

मग मोठे बॉक्स लावून पाहिले. चुलत्यांची ढोलकी एवढी मोठी झाली की काउंटरवरची काच थरथरली. आणि ती मुलगी कुठंतरी आत, पाण्याच्या टाकीत बसून गात असावी तशी. लाइट गेली तिथं तर नुसता घूं आवाज. दुकानातच असा, तर आमच्या एवढ्याशा खोलीत काय होईल ते मला दिसत होतं.

मास्तर घोटाळले. डोळ्यांना मोठे हवे होते, कानांना लहान. मग त्यांनी जन्मात पहिल्यांदा मला विचारलं, "सांग, कोनते घेऊ?"

मी म्हटलं, "मोठे घ्या."

दुकानदार म्हणाला, अम्मा, कमरा छोटा है. मी म्हटलं, मोठेच द्या. कॅसेट काढून त्यानं मास्तरांच्या हातात न देता माझ्या हातात दिली. मी ती मास्तरांना दिली.

बॉक्स बसच्या टपावर बांधून आणले. त्या दिवसापासून मास्तरांचा त्या खोलीत जो उद्योग सुरू झाला तो काही संपेना. बॉक्स पुढं घे, मागं घे, तोंडं वळव, खाली विटा लाव. मायची तिसरी वाकळ भिंतीवर गेली. डेकचं हेड स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून पुसून चकचकीत झालं. तिसरं कडवं काही वर येईना. कॅसेट झिजली असं म्हणायचे आणि तोंड पाडून बसायचे. एकदा त्यांना पाठमोरं पाहिलं, दोन लाल बॉक्सच्या मधोमध मान पुढं करून बसलेले, पहिल्या बाकावरच्या ढ पोरासारखे. दया आली. सांगून टाकावं असं वाटलं. मग ओट्यावरची पेन्सिल आठवली.

ते शाळेत गेलेले असताना एक दिवस मी त्या खोलीत जाऊन उभी राहिले. तिसरं कडवं धरलं. पहिली ओळ आली. दुसरीला आवाज उचलला तर तो माझ्या तोंडातून निघून मायच्या वाकळींत गेला आणि परत आलाच नाही. मास्तरांनी खोली चांगली केली होती. तिथं कशाचाही प्रतिध्वनी येत नव्हता. मी दार ओढून घेतलं आणि तूर निवडायला बसले.

उन्हाळ्याच्या सुटीत एका दुपारी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात कॅसेट. उंबऱ्यावरूनच म्हणाले, "तेवढी एक ओळ म्हनून दाखव. लाइट गेल्यावरची. म्हंजे समजीन, खराबी कॅसेटमंदी हाय का बॉक्समंदी."

दहा वर्षांनी त्यांनी मला गायला सांगितलं होतं. बॉक्स तपासायला.

मी पिठातले हात काढले नाहीत. म्हटलं, "त्या बाईले विचारा. तुमच्या तरफच्या."

कोणती बाई, असं त्यांनी विचारलं नाही. कॅसेट उलटीपालटी करत उभे राहिले, मग मागच्या खोलीत गेले. दार लागलं. थोड्या वेळानं ढोलकी सुरू झाली आणि माझ्या फळीवरचे स्टीलचे पेले एकमेकांवर वाजायला लागले. मी उठून ते एकेक करून पालथे घातले.